कर सल्लागाराच्या ऑफिसात स्कॅनिंग आणि डेटा इम्पोर्ट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमळनेर, चोपडा, शिरपूर, शहादा, नवापूर इथले कर सल्लागार मित्र आणि त्यांच्याकडे काम करणारी मुलं-मुली जे प्रश्न आम्हाला पुन्हा पुन्हा पाठवतात, ते जळगावच्या आमच्या ऑफिसातून इथे एका जागी आणले आहेत. सुरुवातीचे प्रश्न नव्याने सुरू करणाऱ्यांचे आहेत. पुढे जिनिंग (कापसातून सरकी काढणारे कारखाने), सराफी, शिक्षकांचा पगार अशा अडचणीच्या जागा येतात. एखाद्या गोष्टीचं उत्तर दुसरीकडे दिलं असेल, तर तिथला क्रमांक सांगितला आहे.

१. स्कॅनिंग आणि इम्पोर्ट हे एकच काम आहे का?

नाही. स्कॅन म्हणजे कागदाचा फोटो. त्यात आकडा आपल्याला दिसतो, संगणकाला कळत नाही. फोटोतली अक्षरं ओळखणं हे दुसरं काम, त्याला ओसीआर म्हणतात. ओळखलेला आकडा टॅलीत (हिशेबाचं सॉफ्टवेअर), एक्सेलमध्ये किंवा रिटर्नच्या सॉफ्टवेअरमध्ये योग्य रकान्यात बसवणं हे तिसरं, तो इम्पोर्ट. विकणारा तिन्ही एका बटणावर करून दाखवतो, म्हणून एकच वाटतात. चूक शोधायला बसलात की मात्र वेगळी धरावी लागतात: फोटोच पुसट होता, अक्षर चुकीचं ओळखलं, की बरोबर आकडा भलत्या रकान्यात गेला?

२. माझ्याकडे सत्तर-ऐंशी फाइली आहेत. एवढ्यासाठी सॉफ्टवेअर घ्यावं का?

फाइली मोजू नका. महिन्याला हाताने टाइप होणाऱ्या ओळी मोजा. ऐंशीपैकी साठ फाइली नोकरदार आणि पेन्शनरांच्या असतील तर घेऊ नका, त्यांची बहुतेक माहिती आयकर पोर्टलवरून तयार मिळते. दहाच फाइली असल्या, पण त्यात दोन आडतदार, एक जिनिंग आणि एक हार्डवेअरचं दुकान असेल, तर खर्च निघतो.

डेमोला विकणाऱ्याचं स्वच्छ छापील बिल वापरू देऊ नका. तुमच्याकडची सगळ्यात वाईट पिशवी घेऊन जा: कार्बनची फिकट प्रत, चहाचा डाग, चुरगळलेली पट्टी (आडतीवरची वजन-भावाची चिठ्ठी). त्यातली किती बिलं हात न लावता बरोबर आली, हे स्वतः बसून मोजा.

३. स्कॅनर कोणता घ्यावा? मोबाइलचा फोटो चालत नाही का?

दोन्ही बाजू एकदम घेणारा, फीडरवाला (गठ्ठा आपोआप ओढणारा) स्कॅनर घ्या. झाकण उघडून एकेक पान ठेवायच्या मशीनवर महिन्याच्या बिलांचा ढीग कधीच संपत नाही. घेण्याआधी तो तुमच्या सॉफ्टवेअरशी थेट जोडता येतो ना, एवढं तपासा.

मोबाइलचा फोटो एखाद-दुसऱ्या कागदाला चालतो. अडचण व्हॉट्सअ‍ॅपची आहे. साधा फोटो म्हणून पाठवला की तो दाबून लहान होतो आणि बारीक आकडे फुटतात. पार्टीला (म्हणजे आपल्या ग्राहकाला) सांगा, ‘भाऊ, डॉक्युमेंट म्हणून पाठवा.’ हे एक वाक्य आम्ही फाइलच्या कव्हरवर छापून घेतलं आहे.

४. रिझोल्यूशन किती ठेवायचं? रंगीत की काळं-पांढरं?

३०० डीपीआय, ग्रेस्केल (करड्या छटांत). निव्वळ काळ्या-पांढऱ्यात गुलाबी आणि निळ्या कार्बन प्रतीवरची अक्षरं उडतात. ६०० डीपीआयने फाइल जड होते, वाचन फारसं सुधारत नाही. रंगीत फक्त शिक्का किंवा लाल शाईची दुरुस्ती दिसायला हवी असेल तिथे.

काटापावती आणि पेट्रोलची पावती थर्मल कागदावर असते. ती आली त्या दिवशीच स्कॅन करा. आपल्याकडे मे महिन्यात बंद गाडीच्या काचेपाशी राहिलेली थर्मल पावती काळी पडते, आणि ड्रॉवरमध्ये जपून ठेवलेली वर्षभरात कोरी होत जाते.

५. कोणते कागद स्कॅनच करू नयेत?

या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आमच्या मते हाच आहे. जो आकडा कुठेतरी आधीच डेटा म्हणून आहे, तो कागदावरून वाचू नका. बँकेने पीडीएफ किंवा एक्सेल दिलेलं असताना पार्टी त्याची प्रिंट काढते, आपण ती स्कॅन करतो, ओसीआर ती वाचतं, आणि मूळ बरोबर असलेले आकडे या प्रवासात बिघडतात.

त्यामुळे पार्टीकडे मागताना ‘स्टेटमेंट द्या’ असं मोघम म्हणू नका. ‘नेट बँकिंगमधून उतरवलेली फाइल द्या, प्रिंट नको’ असं स्पष्ट सांगा. २६एएस (कापलेल्या कराचा उतारा) आणि एआयएस (आयकर खात्याकडे आलेल्या उत्पन्न-व्यवहारांचा उतारा) पोर्टलवरूनच घ्या. एआयएस पीडीएफबरोबर जेसनमध्येही (संगणकाला थेट वाचता येणारी फाइल) उतरवता येतं, आणि सॉफ्टवेअरला जेसन लागतं. शेअरच्या व्यवहारांची ब्रोकरकडून एक्सेल घ्या. २०२४-२५ च्या व्यवहारांत तर २३ जुलै २०२४ च्या आधीची आणि त्या दिवसापासूनची विक्री वेगळी दाखवावी लागते, कारण त्या दिवसापासून दर बदलले: अल्प मुदतीला १५ चे २० टक्के, दीर्घ मुदतीला १० चे साडेबारा. वाचनात एक तारीख हलली की कर बदलतो.

स्कॅनर उरतो तो खरोखर कागदावरच जन्मलेल्या गोष्टींसाठी: हातबिलं, पट्ट्या, पावत्या, करारनामे.

६. एआयएसची पीडीएफ उघडत नाही. पासवर्ड काय?

पॅन लहान इंग्रजी अक्षरांत आणि त्याला जोडून जन्मतारीख आठ अंकांत, मध्ये जागा न सोडता. फर्म किंवा कंपनी असेल तर जन्मतारखेच्या जागी स्थापनेची तारीख. जन्मतारीख पॅनवर जी नोंदली आहे तीच लागते. शाळेच्या दाखल्यावरची वेगळी असू शकते, आणि गावाकडच्या ज्येष्ठांच्या बाबतीत ती बऱ्याचदा वेगळीच निघते.

७. आडतीची पट्टी, हाताने लिहिलेली पावती, मराठी आकडे: हे सॉफ्टवेअर वाचतं का?

छापील मराठी बऱ्यापैकी वाचतं. हाताने लिहिलेलं भरवशाचं नाही. सगळ्यात धोका आकड्यांचा. देवनागरी एक दिसायला इंग्रजी नऊसारखा आहे आणि देवनागरी चार इंग्रजी आठसारखा. सॉफ्टवेअर इंग्रजीवर ठेवलेलं असेल तर १४ क्विंटलचे ९८ क्विंटल होतात, आणि हा आकडा अशक्य वाटत नाही म्हणून कुणाच्या नजरेलाही येत नाही. त्यातून आपल्याकडच्या पट्टीवर वजन मराठीत, भाव इंग्रजीत आणि तारीख दोन्हींची सरमिसळ असते.

आम्ही हस्तलिखित पट्टीला ओसीआर लावणं सोडलं. पट्टी स्कॅन होते, तिचा फोटो पडद्याच्या डाव्या बाजूला राहतो आणि उजवीकडे मुलगी पाच रकाने स्वतः भरते: तारीख, शेतकऱ्याचं नाव, गाव, वजन, रक्कम. वेळ लागतो, पण कागद शोधण्याचा वेळ वाचतो आणि पुढे नोटीस आली तर त्या नोंदीवर क्लिक करून पट्टी दाखवता येते. याला कोणी अर्धवट ऑटोमेशन म्हणेल. केळीच्या आणि कापसाच्या पट्टीसाठी आम्हाला तरी याहून बरी रीत सापडलेली नाही.

८. छापील बिल स्वच्छ असूनही आकडे चुकतात. का?

नेहमीच्या जागा ठरलेल्या आहेत. रकमेनंतरची तिरकी रेघ आणि आडवी रेघ: ‘२५०/-’ मधली तिरकी रेघ एक म्हणून वाचली जाते आणि २,५०१ होतात. रुपयाचं चिन्ह सात किंवा दोन वाटतं. रुपये आणि पैसे यांच्यामधली उभी छापील रेघ एक होते. लाख-हजारांचे स्वल्पविराम पाश्चात्त्य पद्धतीने बसवलेल्या सॉफ्टवेअरला कळत नाहीत, मग आकडा आकडा न राहता मजकूर होतो आणि बेरजेत धरला जात नाही.

एक प्रसंग सांगतो. डिसेंबरात एका जिनिंगची व्हाउचरं स्कॅन होत होती. दिवसाची बेरीज रोजमेळाशी जुळेना, फरक दहा हजारांच्या पटीत येत होता. पानं मोठी करून पाहिली तेव्हा प्रत्येक पानावर रकमेच्या किंचित डावीकडे वरपासून खालपर्यंत एक बारीक करडी रेघ दिसली. व्हाउचरांबरोबर आलेला कापसाचा एक तंतू फीडरखालच्या काचेच्या पट्टीवर चिकटला होता. कागद सरकत जातो आणि तंतू जागेवर राहतो, म्हणून प्रत्येक पानावर रेघ उमटते. जिथे ती रकमेला टेकली तिथे ४,२५० चे १४,२५० झाले होते. तेव्हापासून जिनिंगचा गठ्ठा घेण्याआधी तो झटकायचा आणि काचेची पट्टी मऊ कोरड्या कापडाने पुसायची, हा नियम आहे.

या चुका नजरेने सापडत नाहीत, बेरजेने सापडतात. म्हणून दोन मेळ कधीच सोडू नका. प्रत्येक बिलाचा: करपात्र रक्कम अधिक कर अधिक राउंड ऑफ बरोबर एकूण. आणि गठ्ठ्याचा: स्कॅनला देण्याआधी कॅल्क्युलेटरवर मारलेली बेरीज बरोबर इम्पोर्ट झालेली बेरीज. गठ्ठा पन्नास बिलांहून मोठा करू नका, नाहीतर फरक शोधण्यातच दिवस जातो.

९. पॅन, जीएसटी नंबर आणि आयएफएससी चुकीचे येतात. ते पकडायचे कसे?

या तिन्हींची रचना ठरलेली आहे, तिचा उपयोग करा.

पॅनमध्ये पाच अक्षरं, चार अंक, एक अक्षर. चौथं अक्षर व्यक्तीला पी, फर्मला एफ, कंपनीला सी, हिंदू अविभक्त कुटुंबाला एच. त्यामुळे सहाव्या जागी इंग्रजी ओ आला तर तो शून्यच असणार.

आयएफएससी (बँक शाखेचा कोड) अकरा खुणांचा असतो आणि पाचवी खूण नेहमी शून्य असते. तिथे ओ वाचला गेला तर परतावा अडकू शकतो.

जीएसटी नंबर पंधरा खुणांचा: आधी दोन अंक राज्याचे, मग दहा खुणांचा पॅन, आणि शेवटची खूण आधीच्या चौदांवरून गणिताने काढलेली. त्यामुळे मधली एक खूण जरी चुकली तरी सॉफ्टवेअरला कळू शकतं. ही तपासणी त्यात आहे का आणि ती चालू आहे का, एवढं पाहा. खान्देशात याचं मोल जास्त आहे. महाराष्ट्राचा क्रमांक २७, गुजरातचा २४, मध्य प्रदेशचा २३. आपला माल सुरत आणि बऱ्हाणपूरकडून रोज येतो, आणि दुसरा अंक चुकला की परराज्यातल्या खरेदीच्या आयजीएसटीच्या जागी राज्यातल्या खरेदीचा सीजीएसटी-एसजीएसटी बसतो.

१०. बँकेचं स्टेटमेंट इम्पोर्ट केलं आणि तारखा उलटसुलट झाल्या.

संगणकाची तारीख अमेरिकन पद्धतीवर असते तेव्हा हे होतं. ५ जुलै हा ७ मे होतो, आणि १३ तारखेपासूनच्या तारखा मजकूर म्हणून तशाच राहतात. अर्ध्या तारखा बरोबर दिसतात म्हणून लक्षात येत नाही. सीएसव्ही फाइल डबल क्लिक करून उघडू नका. एक्सेलमधून डेटा आयात करा आणि तारखेचा रकाना दिवस-महिना-वर्ष असा स्वतः सांगा.

त्याच वेळी खातेनंबरचा रकाना ‘टेक्स्ट’ करा. एक्सेल आकड्याचे फक्त पंधरा अंक धरतं, पुढच्यांची शून्यं करतं. खातेनंबराच्या सुरुवातीची शून्यंही गिळतं.

शेवटी सुरुवातीची शिल्लक अधिक जमा वजा नावे बरोबर अखेरची शिल्लक, हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. पानाच्या तळाची ‘पुढे नेले’ ही ओळ व्यवहार म्हणून आली असेल तर ती इथेच सापडते.

११. बिलावर क्यूआर आहे. तोच स्कॅन केला तर टायपिंग वाचेल का?

ई-इनव्हॉइस असेल तर बरंच. ५ कोटींवर उलाढाल असलेल्यांना १ ऑगस्ट २०२३ पासून ते बंधनकारक आहे. त्या क्यूआरमध्ये दोघांचे जीएसटी नंबर, बिल क्रमांक, तारीख, एकूण रक्कम, ओळींची संख्या, मुख्य मालाचा एचएसएन (मालाच्या प्रकाराचा कोड) आणि ६४ खुणांचा आयआरएन (बिलाचा नोंदणी क्रमांक) असतो. ही माहिती सहीबंद असते, त्यामुळे प्रश्न ८ मधली एकही चूक तिथे होत नाही.

कराची फोड मात्र त्यात नसते, ती बिलावरूनच घ्यावी लागते. आणि काउंटरवरचा पैसे देण्याचा क्यूआर वेगळा, त्यात बिल नसतं.

१२. जीएसटीआर-२बी एक्सेलमध्ये मिळतं. तेच खरेदी म्हणून टॅलीत ओढलं तर स्कॅनिंगची गरजच काय?

मोह होतो, पण करू नका. २बी हा पुरवठादाराने काय दाखवलं याचा उतारा आहे, दर महिन्याच्या १४ तारखेला तयार होणारा. तुमच्या पार्टीने काय विकत घेतलं याची ती नोंद नव्हे. खरेदीवर दिलेल्या कराचं क्रेडिट घ्यायला बिल हातात आणि माल पोचलेला असावा लागतो. प्रत्यक्षात न पोचलेला मालही २बीत दिसतो, मालकाने घरच्या कामासाठी दुकानाच्या नंबरावर घेतलेली वस्तूही दिसते. शेतकऱ्याकडची खरेदी आणि बिगर-नोंदणी दुकानदाराची बिलं त्यात येतच नाहीत.

बिलांवरून खरेदी-वही करा आणि २बी तिच्यासमोर ठेवून जुळवा. दोन वेगळ्या वाटांनी आलेले आकडे जुळतात तेव्हाच जुळण्याला अर्थ असतो.

१३. एकच बिल दोनदा चढतं आणि एकाच व्यापाऱ्याची तीन लेजर (खाती) तयार होतात.

पार्टी आधी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवते आणि महिनाअखेरीस पिशवीतून तेच बिल आणते. ‘हाई बी ठेवा भाऊ’ म्हणून आणखी एक झेरॉक्सही येते. सॉफ्टवेअरला जीएसटी नंबर, बिल क्रमांक आणि आर्थिक वर्ष या तिन्हींवर दुबार तपासणी लावा. बिल क्रमांकाची सुरुवातीची शून्यं काढून तुलना करा, नाहीतर ०४५ आणि ४५ वेगळे धरले जातात. लेजर नावाने जोडू नका, जीएसटी नंबराने जोडा. नाव प्रत्येक बिलावर वेगळं छापलेलं असतं.

इम्पोर्टच्या आधी बॅकअप. दरवेळी, दहा ओळी असल्या तरी.

१४. एआयएस इम्पोर्ट केल्यावर व्याज दुप्पट दिसतं.

एकाच मुदत ठेवीचं व्याज बँकेने टीडीएसखाली एकदा आणि आर्थिक व्यवहारांच्या माहितीत पुन्हा कळवलेलं असतं. इम्पोर्ट दोन्ही ओळी घेतं. बँकेच्या व्याजाच्या दाखल्याशी ताडा आणि दुबार ओळीवर पोर्टलवर अभिप्राय नोंदवा. पेन्शनरांच्या फाइलीत हे हमखास तपासा. ज्यांना कर बसत नाही त्यांनाही या चुकीमुळे कर भरावा लागतो, आणि ते बिचारे विश्वासाने भरूनही टाकतात.

१५. शिक्षकांचा फॉर्म १६ (पगार आणि कापलेल्या कराचा दाखला) बरोबर वाचला, तरी कर जास्त येतो. काय राहिलं?

थकबाकी पाहा. सातव्या वेतन आयोगाच्या फरकाचा हप्ता त्या वर्षी पगारात आला असेल, तर १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम ८९ ची सवलत मिळते. फॉर्मच्या छापील रकान्यात थकबाकी वर्षवार नसते, म्हणून सॉफ्टवेअर तो सगळा चालू पगार समजतं. वर्षवार फोड शाळेकडून किंवा शालार्थच्या (शिक्षकांच्या पगाराची सरकारी प्रणाली) पगारपत्रकांवरून घ्या, आणि रिटर्नच्या आधी फॉर्म १०ई भरा. तो न भरता सवलत मागितली तर नाकारली जाते.

१६. जिनिंगची कापूस खरेदी इम्पोर्ट करताना कशाकडे लक्ष द्यायचं?

दोन गोष्टींकडे, आणि दोन्ही महागात जातात.

पहिली, उलट आकारणी (रिव्हर्स चार्ज). नोंदणीकृत व्यापाऱ्याने थेट शेतकऱ्याकडून कच्चा कापूस घेतला तर १५ नोव्हेंबर २०१७ पासून ५ टक्के जीएसटी खरेदीदाराने भरायचा आहे. शेतकऱ्याच्या पावतीवर जीएसटी नंबर नसतो, म्हणून सॉफ्टवेअर ती ‘बिगर-नोंदणी, कर शून्य’ या खान्यात टाकतं आणि जीएसटीआर-३बी या मासिक विवरणपत्रातला उलट आकारणीचा रकाना रिकामा राहतो. कापूस खरेदीचं स्वतंत्र लेजर करा, त्याला उलट आकारणी कायमची जोडा आणि इम्पोर्टची ओळ तिथेच उतरवा. केळीला हे लागू नाही, ताज्या केळीवर करच नाही.

दुसरी, रोख रक्कम. एका व्यक्तीला एका दिवसात १०,००० रुपयांवर रोख दिले तर १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम ४०ए(३) खाली तो खर्च अमान्य होतो. शेतमालासाठी थेट शेतकऱ्याला दिलेली रोख नियम ६डीडीने यातून वगळली आहे. गावातल्या व्यापाऱ्याकडून घेतलेल्या मालाला ती सूट नाही. म्हणून प्रश्न ७ मधल्या पाच रकान्यांत नाव आणि गाव आम्ही सक्तीचे ठेवले. ‘रोख खरेदी’ अशा एका ओळीत दिवसाचा कापूस चढवला, तर दोन वर्षांनी नोटीस आल्यावर शेतकरी कोण होता हे सिद्ध करायला हातात काही उरत नाही.

१७. सराफाच्या बिलांत काय वेगळं?

वजन तीन दशांशांपर्यंत असतं. १०.२५० ग्रॅममधला टिंब स्वल्पविराम वाचला गेला की दहा किलो सोनं वहीत येतं. वजनाला कमाल मर्यादा लावून ठेवा.

मोडीचं बिल आलं तर जास्त जपा. ग्राहक जुना दागिना देऊन नवा घेतो, बिलाच्या तळाशी फक्त वरचा फरक ठळक छापलेला असतो, आणि सॉफ्टवेअर तीच एकूण विक्री समजतं. ३ टक्के जीएसटी नव्या दागिन्याच्या पूर्ण किमतीवर लागतो. विक्री आणि मोड-खरेदी या दोन वेगळ्या नोंदी करा.

१८. स्कॅन झाल्यावर कागद फेकायचे का?

फेकू नका, पार्टीला परत द्या आणि पोच घ्या. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ नुसार हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने ठेवायचे असतात आणि ती जबाबदारी व्यापाऱ्याची आहे. इलेक्ट्रॉनिक नोंद पुरावा म्हणून चालते. भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ १ जुलै २०२४ पासून लागू आहे, पण त्यासोबत प्रमाणपत्र लागतं. मूळ कागद असला की निम्मे प्रश्न उठतच नाहीत.

१९. पार्टीचे कागद क्लाउडवर टाकावेत का?

टाकता येतात, पण पार्टीला विचारून, लेखी. आधारचे पहिले आठ अंक झाकलेलीच प्रत ठेवा. ऑफिसच्या सगळ्यांचा एकच पासवर्ड नको. काम सोडून गेलेल्या मुलाचा प्रवेश त्याच दिवशी बंद करा. मोबाइलने काढलेले फोटो कर्मचाऱ्याच्या गॅलरीत राहतात, ते काम झाल्यावर त्याच्यासमोर पुसून घ्या. आपल्या छोट्या गावांत कुणाची किती ठेव आहे हे पारावर पोचायला एक फोटो पुरतो.

२०. नवापूरकडच्या गुजराती पावत्यांचं काय करायचं?

नवापूरचं स्टेशनच अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत, तेव्हा हा प्रश्न येणारच. ओसीआरमध्ये गुजराती भाषा वेगळी निवडता येत असेल तर त्या पावत्यांचा गठ्ठा वेगळा करून चालवा, मराठीत मिसळू नका. गुजराती अक्षरांना शिरोरेघ नसल्यामुळे मराठीवर ठेवलेलं सॉफ्टवेअर गोंधळतं. हाताने लिहिलेल्या असतील तर प्रश्न ७ ची रीत, आणि भरायला गुजराती वाचता येणारी व्यक्ती. आमच्याकडे ते काम एका व्यापाऱ्याचे निवृत्त दिवाणजी आठवड्यातून एक दुपार येऊन करतात. त्यांच्या हातून गेलेल्या गठ्ठ्याची बेरीज सहसा पहिल्या फेरीतच जुळते.